डाव्या एक्केचाळीस, उजव्या बेचाळीस

थेल्मा टेबटच्या धातू शोधायच्या यंत्राला लोखंड आणि सोने यांतला फरक कळत नसे, आणि थेल्मालाही तो कळून घ्यायची घाई नव्हती. इंग्लंडातल्या हार्कस्बी गावच्या डिटेक्टर मंडळातल्या बाकीच्या सतरा जणांनी आपापली यंत्रे अशी लावून ठेवली होती की जमिनीखाली लोखंड आले तर ती मुकी राहत. चांदीचे नाणे, पितळी बक्कल, शिशाची मोहर आली तरच कानात बोलत. शहाण्या माणसाने रविवारची सकाळ गंजक्या खिळ्यांत कशाला घालवावी? थेल्माचे यंत्र मात्र तिच्या भावाने, सिरिलने, ती कारखान्यातून निवृत्त झाली तेव्हा जुन्या बाजारातून आणले होते आणि ते दिसेल त्यावर ओरडत असे. ते ओरडले की थेल्मा गुडघे टेकून खणायची, मग निघो खिळा नाहीतर कडी.

बरे, खणून फेकून दिले तर थेल्मा कसली! मंडळाचा नियमच होता की मिळालेली प्रत्येक वस्तू कुठे मिळाली ते लिहून ठेवावे. बाकीचे लोक चांदीपुरता तो पाळत. थेल्मा खिळ्यालाही पाळायची. तारीख, कुठल्या झाडापासून किती पावले, किती वीत खोल, असे सगळे चिठ्ठीवर लिहून ती वस्तू बुटांच्या रिकाम्या खोक्यात जाई. एकतीस वर्षे बुटांच्या कारखान्यात काढलेल्या बाईकडे खोक्यांना तोटा नव्हता. मंडळात तिला कौतुकाने भंगारवाली म्हणत. म्हणजे म्हणणाऱ्यांना ते कौतुक वाटे.

तिची आवडती जागा म्हणजे हॉलो लेन. गावाच्या खालच्या टोकापासून टॉप एंड नावाच्या वरच्या वस्तीपर्यंत जाणारी मैलभराची वाट, दोन्ही बाजूंना कुंपणाची झाडे, मध्ये तीन गाड्या शेजारी शेजारी जातील एवढी रुंद गवताळ पट्टी. वाट इस्टेटीची, आणि इस्टेट म्हाताऱ्या कर्नलसाहेबांची. त्यांनी थेल्माला सहीशिक्क्याचे पत्र देऊन ठेवले होते की हवे तेवढे खणा, फक्त खड्डे बुजवा. अकरा वर्षे ती त्या वाटेवर खणत होती आणि अकरा वर्षे तिला मुख्यतः एकच गोष्ट सापडत होती.

लोखंडाची फाक. आंब्याची कापावी तशी, एक कड बाकदार, दुसरी जवळपास सरळ, बोटभर लांब, रुपयाएवढी जाड. बाकदार कडेला पाच-सहा भोके. बस. त्यावर ना अक्षर, ना नक्षी.

मंडळाचे अध्यक्ष डेस्मंड पिकरिंग हे निवृत्त पोस्टमास्तर. वस्तू हातात पडल्यावर तीन सेकंदांत ती काय आहे हे न सांगता आले तर त्यांना अपचन होत असे. पहिली फाक पाहून ते म्हणाले होते, "खिडकीच्या झडपेची बिजागरी." विसावी पाहून म्हणाले, "बिजागरीच." एवढ्या आडवाटेला खिडक्या कुणी उघडल्या असतील, असे थेल्माने विचारले तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिले.

हे असेच चालू राहिले असते आणि त्या फाका खोक्यांतच गंजून गेल्या असत्या. पण कर्नलसाहेब वारले, आणि इस्टेट लंडनच्या हॅलम नावाच्या गृहस्थांनी घेतली.

हॅलम वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेले बरे. हसून बोलायचा, टोपी काढायचा. त्याला शिकारीसाठी फेझंट पक्षी पाळायचे होते, आणि माणसे चालली की फेझंट बिथरतात. म्हणून त्याने आल्या आल्या, ऑक्टोबरात, हॉलो लेनच्या दोन्ही टोकांना लोखंडी फाटके बसवून कुलपे घातली. थेल्मा तिसऱ्या दिवशी त्याच्या दारात उभी राहिली, तर त्याने तिला चहा दिला, बिस्किटे दिली आणि किल्ली दिली नाही.

थेल्माला ती वाट हौसेसाठी नको होती. वाटेच्या वरच्या टोकाला, टॉप एंडच्या सहा घरांतल्या शेवटच्या घरात सिरिल राहत असे. वय अठ्ठ्याहत्तर. साठ वर्षे घोड्यांना नाल ठोकून दोन्ही गुडघे कामातून गेलेले, त्यात मागल्या वर्षी एक बाजू लुळी पडून जेमतेम सावरलेली. थेल्मा रोज दुपारी त्याचे जेवण घेऊन वीस मिनिटांत वाट चढायची, त्याला खाऊ घालायची, अंगठ्याची नखेसुद्धा कापायची आणि संध्याकाळी उतरायची. तिला मोटार चालवता येत नव्हती. वाट बंद झाल्यावर उरला तो हमरस्ता. पाच मैल, कडेला पाऊल ठेवायला जागा नाही, आणि वाळूचे ट्रक अंगावर येणारे. डेस्मंड आठवड्यातून दोनदा आपली कामे आटोपून संध्याकाळी गाडीने सोडायचे, तोवर जेवण गार झालेले असे. उरलेले पाच दिवस सिरिल डब्यातले बीन्स खायचा आणि खाल्ले म्हणून खोटे सांगायचा. तो पडला, तीन तास उठू शकला नाही, आणि मग समाजसेवेच्या बाई फॉर्म घेऊन आल्या. त्यांनी थेल्माला स्पष्ट सांगितले की रोज कुणी येणार नसेल तर वसंतापर्यंत सिरिलला वृद्धाश्रमात हलवावे लागेल, आणि जागा आहे ती चाळीस मैलांवर. सिरिल त्या दिवसापासून बोलेनासा झाला. जन्मात ज्याने लाथाळ घोड्यालाही पाठ दाखवली नव्हती, तो भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला.

गावाला वाटले, हे काय, आपण तर पिढ्यान्‌पिढ्या त्या वाटेने जातोय, कुलूप आज ना उद्या निघेलच. कौन्सिलमधल्या कारकुनाने मात्र सगळ्यांना जमिनीवर आणले. त्याचे असे झाले की हार्कस्बीत एक लाडका सण होता. ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी इस्टेटीचा रखवालदार सकाळी आठला वाटेवर दोर बांधून ती बंद करायचा, सगळा गाव तिथे जमून सफरचंदाची गरम सायडर प्यायचा, गाणी म्हणायचा, आणि दिवे लागले की दोर सोडला जायचा. मुले वर्षभर वाट पाहत. हे का करतात, हे कुणी विचारले नव्हते. कारकुनाने सांगितले की मालकाने वर्षातून एक दिवस वाट अडवली, की बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस लोक हक्काने नव्हे, त्याच्या मेहरबानीने चालले असे कायदा मानतो. म्हणजे ऐंशी वर्षे हे गाव आपल्याच हक्काच्या तेराव्याला जमत होते, आणि वर जेवण छान झाले म्हणून मालकाचे आभार मानत होते.

एकच आशा होती. ऐंशी वर्षांच्याही मागे, इस्टेटीच्या कुणी दोर बांधण्याआधी, ही वाट सगळ्यांची होती असे दाखवता आले तर नंतरचे दोर आणि कुलपे कवडीमोल ठरणार होती. एकदा लोकांची झालेली वाट कुलपाने खाजगी होत नाही, हा तिकडचा जुना कायदा. पण पुरावा हवा. गावाने चर्चची दप्तरे उपसली, जुने नकाशे पाहिले. नकाशांत वाट होती, पण कुणाची ते लिहिलेले नव्हते. गावाने कौन्सिलकडे अर्ज केला, आणि वाट कुणाची ते ठरवणाऱ्या चौकशीची तारीख लागली पुढच्या ऑक्टोबरच्या अठराला.

थेल्माकडे जुने म्हणून जे काही होते ते बुटांच्या खोक्यांत होते. बुडत्याला काडीचा आधार, म्हणून ती एक फाक घेऊन जिल्ह्याच्या वस्तुसंग्रहालयात गेली. तिथल्या बाई मायाळू होत्या. त्यांनी भिंग लावून पाहिले, आणि नुसत्या लोखंडावरून काळ सांगता येत नाही, वस्तू काय ते कळल्याशिवाय आम्हीही काही म्हणू शकत नाही, असे सांगितले. मग तीच फाक तिने सिरिलच्या हातात दिली. त्याने भिंतीवरची नजरही नीट वळवली नाही. अंगठा फिरवून परत केली.

"घोड्याचं नाही हे," तो म्हणाला. "असल्या पायाचा घोडा देवानं केलेला नाही."

"मग कशाचं?"

"घोड्याचं नाही म्हटल्यावर मला काय विचारतेस, थेल?"

सिरिलच्या जगात घोडा सोडून कुणाला पायच नव्हते. त्याचा बाप नालबंद, बापाचा बाप नालबंद, आणि घोड्यापलीकडे बघणे हा त्यांच्या घरात जवळपास धर्मबाह्य प्रकार होता.

चौकशीला नऊ दिवस उरले असताना, रविवारी दुपारी, थेल्माने स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरले आणि अकरा वर्षांच्या सगळ्या फाका एकदम ओतल्या. तोपर्यंत तिने त्या कधी एकत्र पाहिल्याच नव्हत्या. एक आली, चिठ्ठी लिहिली, खोक्यात गेली. आता पाहते तर त्र्याऐंशी. ती उगाच त्यांच्याकडे बघत बसली. डोक्यात सिरिल होता, तो चाळीस मैलांवरचा वृद्धाश्रम होता, तिथल्या खिडक्या उघडत असतील का असले काहीतरी. आणि हात रिकामे बसत नव्हते म्हणून ते आपले काम करू लागले.

कारखान्यात थेल्मा जोड्या लावायची. बुटांचे कापलेले भाग ढिगाने येत, त्यांतून डावा आणि उजवा ओळखून, कातड्याची छटा जुळवून जोड बांधायचे. एकतीस वर्षे, दिवसाला चारशे जोड. ते काम डोक्याने होत नाही, बोटांनी होते. शेवटी शेवटी ती शेजारणीशी खुशाल गप्पा मारायची आणि हात न चुकता डावे-उजवे करत. त्या दुपारीही तसेच झाले. ती भानावर आली तेव्हा टेबलावर दोन ढीग पडलेले होते.

तिने मोजले. डाव्या एक्केचाळीस, उजव्या बेचाळीस.

थेल्मा उठून उभी राहिली. बिजागरीला डावे-उजवे असेल एक वेळ. मोडक्या वस्तूचे तुकडे मात्र कधी असे समसमान पडत नाहीत. आणि कड अशी झिजलेली, टाचेकडे जास्त, पुढे कमी, ही झीज तिने आयुष्यभर दुरुस्तीला आलेल्या तळव्यांवर पाहिली होती. ही चालण्याची झीज होती. तिच्या समोर टेबलावर त्र्याऐंशी बूट पडले होते आणि पाय कुणाचा तेवढे कळायचे बाकी होते.

घोड्याचा नाही. सिरिल चिडका होता, पण पायाच्या बाबतीत खोटे बोलणारा नव्हता. मग आणखी कुणाचा? एक डावी, एक उजवी. ती दोन फाका हातात घेऊन एकमेकींना टेकवून पाहू लागली, सरळ कड सरळ कडेला, मध्ये बोटभर फट. भोके दोन्ही बाजूंना बाहेर, आत एकही नाही. जणू आतल्या बाजूला खिळा मारायला जागाच नाही.

तिने कोट चढवला, फाका खिशात टाकल्या आणि ती गावातल्या बेट्स नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्याकडे जवळजवळ धावतच गेली. सत्तरीच्या बाईला धावताना पाहून समोरच्या घरातले पडदे हलले. गोठ्याच्या दारात गुरे उभी राहून चिखलाचा नुसता राडा झालेला होता, आणि त्या चिखलात ताजे, खोल, दुभंगलेले ठसे होते. थेल्माने एक ठसा निवडला. डावी फाक डाव्या अर्ध्यात ठेवली. बसली. उजवी उजव्यात ठेवली. तीही बसली, मधली फटसुद्धा बरोबर आली. ज्या गाईचा तो ठसा होता ती फाटकावर मान टाकून रवंथ करत हा सगळा प्रकार पाहत होती.

घाटावरच्या कुठल्याही नालबंदाने पहिल्याच दिवशी, विडी न विझवता सांगितले असते की बाई, ही बैलाची पत्री. पण हार्कस्बीत शेवटच्या जनावराला पत्री ठोकून पावणेदोनशे वर्षे झाली होती, आणि आगगाडी आल्यावर ज्या गोष्टी विसरायला लोकांना एक पिढी पुरली, त्यांतली ही एक होती. थेल्मा चिखलात गुडघ्यांवर बसून मोठ्याने हसली. एकटीच.

तासाभरात डेस्मंडच्या गाडीतून ती टॉप एंडला पोचली. डेस्मंड वाटेत दोनदा म्हणाले की घाईने निष्कर्ष काढू नये, बिजागरीची शक्यता त्यांनी अजून सोडलेली नाही. थेल्मा ऐकत नव्हती. तिने सिरिलला उठवून बसवले, त्याच्या तळहातावर दोन्ही फाका शेजारी शेजारी ठेवल्या आणि एकच शब्द म्हणाली, "गाय."

सिरिलचा चांगला हात हलला. त्याने एक फाक उलटी केली, भोकांत नख घालून पाहिले, खिळा कुठल्या कोनात गेला असेल ते हवेत दाखवले. पाठ ताठ झाली.

"आठ," तो म्हणाला. "एका जनावराला आठ लागत असणार. गाय काही घोड्यासारखी पाय उचलून देत नाही. दोर घालून आडवी पाडायची, चौघांनी बसायचं, मग ठोकायच्या. आजोबा सांगायचे, थेल. वेल्सहून गुरं यायची, शेकड्यांनी, लंडनच्या बाजाराला. मला वाटायचं म्हातारा थापा मारतोय." त्याने खिडकीबाहेर पाहिले, जिथे त्याची बंद पडलेली नालशाळा होती. "सहा घरांच्या वस्तीत नालशाळा कशाला हवी होती, हे आयुष्यात माझ्या डोक्यात आलं नाही. तीन पिढ्या आम्ही तिथं काय भजन करत होतो?"

डेस्मंड दारात उभे होते. त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि बिजागरीचे नाव त्यानंतर कधी काढले नाही. उलट चिठ्ठ्यांवरून नकाशावर एकेक टिंब काढण्याचे किचकट काम आठवडाभर तेच करत बसले. टिंबे सगळी वाटेवर पडली, शेतात एकही नाही, आणि सर्वांत दाट पडली ती वरच्या टोकाला, नालशाळेच्या अंगणासमोर.

अठराला गावच्या सभागृहात चौकशी बसली. चौकशी अधिकारी म्हणून आलेल्या बाई बारीक, कोरड्या आवाजाच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. हॅलमने लंडनहून वकील आणला होता, उंच आणि मधाळ. सकाळभर तो बोलला आणि छान बोलला. इस्टेटीच्या दोनशे वर्षांच्या हिशेबवह्या त्याने टेबलावर रचल्या. ही इस्टेट पहिल्यापासून फक्त मेंढ्यांची, असे त्याने दाखवले. एक गाय नाही, एक बैल नाही, नांगराला घोडे. ही वाट मालकाने आपल्या मेंढ्या कुरणात न्यायला केली, म्हणून ती त्याची. सायडरच्या सणाचाही त्याने आदराने उल्लेख केला. गाव खुर्च्यांत खाली खाली सरकत गेले.

जेवणानंतर थेल्माला बोलावले. तिने बुटांची खोकी एकावर एक रचली, कर्नलसाहेबांचे पत्र दिले, नकाशा दिला, आणि फाका म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगितले. वकील उठला. तुम्ही पुरातत्त्व शिकलात का, असे त्याने विचारले. नाही, मी बूट शिकले, असे ती म्हणाली आणि मागच्या रांगा हसल्या. वस्तू कुठे सापडल्या यावर त्याने बराच वेळ घालवला, पण प्रत्येक फाकेला चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीत पावले होती. मग तो थांबला, आणि त्याचा आवाज आणखीच गोड झाला.

"ठीक आहे. ह्या गुरांच्याच नाला आहेत असं धरून चालू. पण मिस टेबट, इस्टेटीच्या वाटेवरून इस्टेटीची गुरं जाणारच की. तुम्ही तर माझंच म्हणणं सिद्ध करून दिलंत."

हॅलम दिवसात पहिल्यांदा मागे टेकून बसला. एक क्षण थेल्माला वाटले, संपले. सिरिल चाकांच्या खुर्चीत पहिल्या रांगेत होता, आणि तो तिच्याकडे नाही, समोरच्या खोक्यांकडे पाहत होता. तिनेही पाहिले. बूट, ती मनाशी म्हणाली. हे बूट आहेत, बाई, आणि बुटांतले तुला कळते.

"साहेब," ती म्हणाली, "सकाळी उठून तुम्ही बिछान्यातून न्हाणीघरात जाता, तेव्हा बूट घालता का?"

वकिलाने अधिकारी बाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "उत्तर द्या. मलाही ऐकायचंय."

"नाही घालत."

"का बरं?"

"चार पावलांचं तर अंतर असतं."

"तेच म्हणते मी. गाईला आडवी पाडायची, चार माणसं अंगावर बसवायची, आठ नाला आणि पन्नासेक खिळे ठोकायचे. एवढं कुणी गोठ्यातून कुरणात न्यायला करतं होय? मऊ माती आहे इथली. इथल्या गाईला बूट लागत नाहीत. बेट्सला विचारा, त्याच्या गाई अनवाणीच आहेत." मागून बेट्सने हो म्हणून सांगितले. थेल्माने वरचे खोके पुढे सरकवले. "बूट लांबच्या माणसाला लागतात, साहेब. ज्यांच्या पायात हे होते त्यांचं घर इथं नव्हतं. ती दीडशे मैल चालून आली होती आणि आणखी शंभर जायची होती. ही एका मालकाची वाट नव्हती. ही येणाऱ्याजाणाऱ्याची वाट होती."

वकील काही बोलणार होता, पण अधिकारी बाई कागद चाळत होत्या आणि त्यांनी बोट वर केले. एका पानावर त्या थांबल्या.

"आपण सकाळी सांगितलंत," त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "की ह्या इस्टेटीत दोनशे वर्षांत एकही गाय किंवा बैल नव्हता. वह्याही दिल्यात. मग ही त्र्याऐंशी नाला घातलेली गुरं कुणाची?"

वकिलाने वह्यांकडे पाहिले. वह्या त्यानेच आणल्या होत्या, त्यानेच रचल्या होत्या, आणि त्या आता त्याच्याकडे पाहत होत्या. त्याने पाण्याचा घोट घेतला. मागे कुणीतरी टाळी वाजवली, बाईंनी चष्म्यावरून पाहिले, तरी टाळ्या थांबल्या नाहीत. सिरिलला दोन हातांनी टाळी वाजवता येत नव्हती, म्हणून तो खुर्चीच्या दांड्यावर मूठ आपटत होता, ऐरणीवर घाव घालावा तशी.

निकाल डिसेंबरात आला, अकरा पानांचा. त्यातले एक पान पूर्ण फाकांवर होते. हॉलो लेन ही पुरातन सार्वजनिक वाट असून तिथून पायी, घोड्यावरून आणि गुरे घेऊन जाण्याचा हक्क सर्वांना आहे, असे शेवटी लिहिले होते. गुरांचे कुणी मागितले नव्हते. बेट्सने मात्र ते मनावर घेतले आणि कौन्सिलच्या माणसांनी फाटके उपटली त्याच सकाळी आपल्या चौदा गाई वाटेवरून नेऊन आणल्या, काही काम नसताना, फेझंट उडत असताना. हॅलमने टोपी काढून गाईंना वाट दिली. म्हटलेच आहे, माणूस वाईट नव्हता. डेस्मंडनी आपल्या महागड्या यंत्राची कळ फिरवून ते लोखंडाला बोलते केले, आणि आता त्यांच्याही घरात खिळ्यांची खोकी साठू लागली आहेत. समाजसेवेच्या बाईंनी फॉर्मवर आडवी रेघ मारली.

थेल्माने त्या दिवशी भट्टीत ऑक अँड डो केले. डुकराची तंगडी, भोवती पिठाची जाड कड, खाली बटाटे आणि रस्सा. भांडे टॉवेलात गुंडाळून ती निघाली. गाईंनी वाटेचा चिखल करून ठेवला होता, तिचे बूट घोट्यापर्यंत रुतत होते, आणि ती मुद्दाम मधोमध चालली. वीस मिनिटांत टॉप एंड. सिरिल उठून टेबलाशी येऊन बसलेला होता. तिने वाढले, त्याने मोठा घास घेतला आणि तोंड वासून हवा आत ओढली.

"भाजली की जीभ," तो म्हणाला.

"गरम आहे," थेल्मा म्हणाली. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच, असे तिला पुढे म्हणायचे होते. पण तिला रडू फुटले, आणि सिरिलने जीभ बाहेर काढून, वारा घालत, दुसरा घास घेतला.